व्हायकिंग लोकांचे जीवन आणि त्यांचा लौकिक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हायकिंग म्हणजे नेमके कोण? ते राष्ट्र होते, जमात होती की वंश?

यांपैकी काहीच नाही. आजच्या नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्क या देशांत राहणाऱ्या, जुनी नॉर्स भाषा बोलणाऱ्या लोकांपैकी जे लुटीसाठी, खंडणीसाठी किंवा जोखमीच्या व्यापारासाठी जहाजाने परमुलखात जात, त्यांना त्यांच्याच भाषेत 'व्हिकिंग्र' म्हणत. अशा मोहिमेवर निघण्याला 'व्हिकिंगला जाणे' असा वाक्प्रचार होता. म्हणजे हा शब्द उद्योगाचा होता, कुळाचा नव्हे. बहुतेक स्कँडिनेव्हियन माणसे जन्मात एकदाही व्हिकिंगला गेली नाहीत. त्यांनी जव पेरला, गुरे राखली, मासे सुकवले आणि ती आपल्याच वाडीत मेली.

उद्योगाचे नाव लोकांचे नाव कसे होते, याचे उदाहरण मराठी वाचकाच्या घरातच आहे. सरकारी घोड्यावर चाकरी करणारा स्वार म्हणजे बारगीर, एवढाच त्या शब्दाचा आपल्याकडे अर्थ होता. पण १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या, आणि तिकडे 'बर्गी' हे सरसकट सगळ्या मराठ्यांचे नाव होऊन बसले, ते इतके की लहान मुलांना झोपवताना त्याचा धाक घातला जाऊ लागला. पुढील उत्तरांत 'व्हायकिंग' हा शब्द रूढ, सैल अर्थानेच वापरला आहे, पण ही मेख लक्षात ठेवलेली बरी.

व्हायकिंगांचा काळ कोणता मानला जातो?

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील लिंडिसफार्न बेटावरच्या मठावर ७९३ साली पडलेला छापा ही सुरुवात, आणि नॉर्वेचा राजा हाराल्ड हार्डराडा हा यॉर्कजवळील स्टॅमफर्ड ब्रिजच्या लढाईत २५ सप्टेंबर १०६६ रोजी मारला गेला तो शेवट, असे मानण्याचा प्रघात आहे. या दोन्ही तारखा इंग्लंडच्या सोयीच्या आहेत. एस्टोनियातील साल्मे येथे दोन जहाजांत पुरलेले ४१ पुरुष सापडले. ते मूळचे स्वीडनच्या बाजूचे, शस्त्रांचे घाव लागून मेलेले, आणि लिंडिसफार्नच्या कित्येक वर्षे आधीचे. त्यांच्यातील चौघे सख्खे भाऊ होते असे डीएनए तपासणीतून दिसते.

त्यांचा एवढा दुर्लौकिक कसा झाला?

मुख्य कारण असे की ज्यांना त्यांनी लुटले, त्यांच्याच हातात लेखणी होती. त्या काळी पश्चिम युरोपात लिहिणे-वाचणे हे बहुतांशी मठांतील साधूंचे काम होते. सोन्याचांदीची पूजापात्रे, रत्नजडित ग्रंथ आणि समुद्राकाठी वसलेली, तटबंदी नसलेली, शस्त्रे न धरणाऱ्या माणसांची वस्ती यांमुळे मठ हेच लुटारूंना सर्वांत सोपे सावज होते. सावकाराच्या घरी दरोडा पडावा आणि गावचा इतिहास लिहिण्याचे काम त्याच सावकाराकडे असावे, तसा हा प्रकार झाला.

लिंडिसफार्नची बातमी कळल्यावर अल्क्विन या यॉर्कच्या विद्वानाने, जो त्या वेळी आजच्या फ्रान्स-जर्मनीवर राज्य करणाऱ्या फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याच्या पदरी होता, इंग्लंडमधील राजाला आणि धर्माधिकाऱ्यांना पत्रे लिहिली. त्यांत त्याने या हल्ल्याला देवाचा कोप ठरवले. मात्र त्याच पत्रात तो नॉर्थम्ब्रियाच्या राजाला असेही बजावतो की, तुम्ही दाढी आणि केस त्या मूर्तिपूजकांच्या धाटणीचे ठेवू लागला आहात. ज्यांची केशरचना दरबारात फॅशन म्हणून शिरली होती, ते लोक त्या वर्षी अचानक कुठून तरी उगवलेले अनोळखी राक्षस नक्कीच नव्हते.

'नॉर्समनांच्या कोपापासून, हे प्रभो, आम्हांस वाचव' ही प्रार्थना तेव्हा चर्चांमधून म्हटली जाई असे वारंवार छापून येते. या शब्दांतली प्रार्थना त्या काळच्या कोणत्याही हस्तलिखितात आढळलेली नाही.

मग ही सारी बदनामीच म्हणायची का?

नाही. गेल्या काही दशकांत 'ते खरे तर शांत व्यापारी आणि शेतकरी होते' असे म्हणण्याची लाट आली आहे, आणि तीही तितकीच एकांगी आहे. व्यापारात ते जो माल विकत, त्यात माणसे होती. आयर्लंडच्या इतिवृत्तात ८२१ साली डब्लिनजवळच्या हाउथ येथून मोठ्या संख्येने स्त्रिया धरून नेल्याची नोंद आहे. ८४१ साली तळ म्हणून वसवलेले डब्लिन पुढे पश्चिम युरोपातील गुलामांची मोठी बाजारपेठ बनले. घरोघरी 'थ्रॉल' म्हणजे गुलाम असत; शेण काढणे, दळण, गुरे राखणे ही कामे त्यांच्या माथी असत. पळून जाऊ नयेत म्हणून घातल्या जाणाऱ्या लोखंडी गळपट्ट्या उत्खननांत सापडल्या आहेत.

खंडणीचे आकडेही बोलके आहेत. ८४५ साली पॅरिस सोडून जाण्यासाठी फ्रँकांच्या टकल्या चार्ल्स राजाने ७,००० पौंड चांदी मोजली. इंग्लंडने ९९१ साली १०,००० पौंड दिले आणि १०१२ साली ४८,०००. एकदा पैसे दिले की पुढच्या वर्षी मागणारे वाढतात, हा धडा इंग्रजांना फार महागात पडला. स्वीडनमधील एका शिळालेखात उल्फ नावाच्या माणसाविषयी कौतुकाने कोरले आहे की त्याने इंग्लंडमध्ये तीनदा खंडणीचा वाटा घेतला : पहिल्यांदा तोस्तीच्या हाताखाली, मग थोरकेतिलच्या, मग क्नूतच्या. इंग्लंडच्या दृष्टीने जी लूट, ती उल्फच्या गावी कर्तबगारी होती.

फक्त एवढे म्हणता येईल की त्या काळाच्या मानाने ते वेगळे क्रूर नव्हते. शार्लमेनने ७८२ साली व्हेर्डेन येथे शरण आलेल्या ४,५०० सॅक्सनांची कत्तल करवली असे त्याच्याच बाजूचे इतिवृत्त सांगते. इंग्लंडचा राजा एथेलरेड याने १३ नोव्हेंबर १००२ रोजी आपल्या राज्यातील डेनिश लोकांना ठार मारण्याचा हुकूम काढला, तेव्हा ऑक्सफर्डमध्ये चर्चमध्ये आसरा घेतलेल्या डेनांसकट ते चर्च पेटवून देण्यात आले. पण शार्लमेन 'युरोपचा पिता' ठरला, कारण त्याचे चरित्र लिहिणारा त्याच्या पदरी होता.

शिंगे असलेली शिरस्त्राणे ते वापरत होते का?

नाही. नॉर्वेत येर्मुंडबू येथे १९४३ साली सापडलेले दहाव्या शतकातील शिरस्त्राण साधे गोल असून त्याला डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पट्टी आहे. डेन्मार्कमध्ये खरोखरची शिंगे असलेली दोन शिरस्त्राणे सापडली आहेत, पण ती कांस्ययुगातील, म्हणजे व्हायकिंगांपूर्वी दीड हजारांहून अधिक वर्षांची आहेत. शिंगांची प्रतिमा घट्ट केली ती कार्ल एमिल डोपलर या वेशभूषाकाराने, रिचर्ड वॅग्नरच्या ऑपेरामालिकेच्या १८७६ सालच्या प्रयोगासाठी. वल्हे मारणाऱ्या शेजाऱ्याच्या डोळ्यात शिंग घुसेल, एवढा विचार केला तरी शंका यायला हरकत नव्हती.

शत्रूच्या कवटीतून ते मद्य पीत असत, हे खरे का?

हा निव्वळ भाषांतराचा घोटाळा आहे. एका जुन्या काव्यात 'कवटीच्या वाकड्या फांद्यांतून' पिण्याचा उल्लेख आहे. नॉर्स कवींच्या कूटभाषेत याचा अर्थ जनावराच्या डोक्यावरची शिंगे, म्हणजे शिंगांचे पेले, असा होतो. सतराव्या शतकात ओले वोर्म या डेनिश विद्वानाच्या लॅटिन आवृत्तीत त्याच्या 'मारलेल्या शत्रूंच्या कवट्या' झाल्या आणि पुढे तेच रूढ झाले. पाठीच्या बरगड्या उलगडून 'रक्तगरुड' करण्याच्या शिक्षेबाबतही असाच संशय अनेक अभ्यासक घेतात.

ते गलिच्छ होते की स्वच्छ?

साक्षीदार कोण, यावर उत्तर अवलंबून आहे, आणि दोन्ही साक्षी वाचण्यासारख्या आहेत. बगदादच्या खलिफाच्या वकिलातीबरोबर इब्न फद्लान ९२१ साली निघाला आणि पुढल्या वर्षी व्होल्गा नदीकाठी त्याला 'रूस' नावाचे व्यापारी भेटले. त्यांची शरीरे खजुराच्या झाडासारखी उंच आणि देखणी असल्याचे त्याने मोकळेपणाने लिहिले आहे. पण सकाळचा प्रकार पाहून तो शहारला. एक दासी पाण्याचे मोठे घंगाळ आणते; धनी त्यात हात, तोंड आणि केस धुतो, फणीने विंचरतो, त्यातच नाक शिंकरतो आणि थुंकतो; मग तेच घंगाळ, तेच पाणी, पुढच्या माणसाकडे जाते. वाहत्या पाण्याने अंग शुद्ध करणाऱ्या मुसलमानाला ही शिसारी वाटणारच, आणि तांब्याने पाणी घेऊन चूळ भरणाऱ्या मराठी वाचकालाही ती वाटेल.

उलट इंग्लंडमधील तेराव्या शतकातील एका इतिवृत्तात तक्रार आहे की डेन लोक रोज केस विंचरतात, दर शनिवारी आंघोळ करतात, वरचेवर कपडे बदलतात आणि अशा क्लृप्त्यांनी इंग्रजांच्या लेकीसुनांना भुरळ घालतात! आजही डेनिश आणि नॉर्वेजियन भाषांत शनिवारच्या नावाचा मूळ अर्थ 'धुण्याचा दिवस' असाच आहे. हरणांच्या शिंगांपासून कोरलेल्या, नक्षी काढलेल्या फण्या तर त्यांच्या प्रत्येक गावाच्या उत्खननात सापडतात. तेव्हा ते आठवड्यातून एकदा नीट न्हाणारे आणि केसांची विशेष निगा राखणारे लोक होते, आणि त्या काळच्या ख्रिस्ती युरोपात एवढे पुष्कळ होते.

त्यांच्या जहाजांत असे काय होते, की एवढे जग त्यांच्या टप्प्यात आले?

खरे म्हणजे सगळे उत्तर इथेच आहे. जहाज वगळले तर व्हायकिंग हे उत्तर युरोपातील इतर शेतकऱ्यांसारखेच होते. ओकचे खोड करवतीने न कापता पाचरी ठोकून उभे चिरत, त्यामुळे फळी लाकडाच्या धाग्याला धरून निघे आणि पातळ असूनही चिवट राही. अशा फळ्या कौलांप्रमाणे एकीवर एक चढवून लोखंडी खिळ्यांनी जोडत, आणि सांध्यांत डांबरात भिजवलेली लोकर किंवा जनावरांचे केस दाबत. आधी सांगाडा आणि मग फळ्या, असा क्रम नसे. आधी फळ्यांचे कवच उभे राही, आणि आतल्या आधाराच्या वाकड्या लाकडांना मागाहून जागा मिळे. त्यामुळे जहाज लाटेशी झगडण्याऐवजी लाटेबरोबर वाकत असे.

नॉर्वेतील गोकस्टाड येथे १८८० साली सापडलेले जहाज सुमारे २३ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून ६४ ढाली होत्या, आळीपाळीने काळ्या आणि पिवळ्या रंगवलेल्या. हे जहाज जेमतेम मीटरभर पाण्यात तरंगते, म्हणून ते समुद्र ओलांडून तसेच नदीत शिरू शके, वाळूवर चढवता येई आणि लढाई अंगाशी आली तर तितक्याच चटकन ढकलून परत नेता येई. बंदराची गरज नसलेल्या शत्रूपासून किनारा राखायचा कसा, हे फ्रँक आणि इंग्रज राजांना दोन पिढ्या उमगले नाही.

याच जहाजाची प्रतिकृती मॅग्नस आंडरसन या कप्तानाने १८९३ साली बर्गेनहून न्यूफाउंडलंडला २८ दिवसांत नेली, आणि तेथून ती शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात गेली. स्वामी विवेकानंदांनी ज्या सर्वधर्मपरिषदेत भाषण केले, ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती.

शिडाचा विषय सहसा कोणी काढत नाही. शिडे लोकरीची असत. मेंढ्यांची लोकर काढणे, पिंजणे, चातीवर सूत कातणे आणि उभ्या मागावर विणणे हे काम स्त्रियांचे, आणि एका मोठ्या शिडासाठी ते काम वर्षानुवर्षे चाले. गाथांमध्ये नाव येते ते जहाजाचे आणि कप्तानाचे.

घरी असताना ते काय खात-पीत आणि कसे राहत?

लांबट, एकाच दालनाचे घर, मध्ये चूल, भिंतींलगत झोपण्याचे आणि बसण्याचे कट्टे, पुष्कळदा त्याच छपराखाली एका टोकाला गुरे. धूर छपरातल्या भोकातून जमेल तसा जाई. जवाची किंवा ओटची पेज, भाकरी, दही-ताक, कांदा-लसूण, मटार, डुकराचे आणि गुरांचे मांस, आणि मुख्य म्हणजे मासे. उत्तर नॉर्वेत कॉड मासा मीठ न लावता थंड वाऱ्यावर टांगून वाळवत. तो वर्षानुवर्षे टिके आणि लांबच्या जहाजप्रवासाची शिदोरी होई. बोंबलाची वलांडी पाहिलेल्या कोकणी माणसाला ते दृश्य परके वाटणार नाही, फक्त तिथे उन्हाचे काम थंडी करते. यॉर्कमध्ये सापडलेल्या, खनिज होऊन टिकलेल्या एका व्हायकिंग काळातील मानवी विष्ठेच्या तपासणीत मांस, कोंड्याची भाकरी आणि पोटातल्या जंतांची असंख्य अंडी दिसली. शौर्यगाथांमध्ये हे येत नाही.

स्त्रियांचे स्थान काय होते? स्त्री-योद्ध्या खरोखर होत्या का?

स्वतंत्र घराण्यातील स्त्रीला मालमत्ता बाळगता येई, काडीमोड मागता येई, आणि नवरा मोहिमेवर असताना शेत, गुलाम, देणीघेणी सगळे तिच्याच हाती असे. कमरेला लटकणाऱ्या किल्ल्या ही तिच्या अधिकाराची खूण होती. स्वीडनमधील हास्मीरा येथील शिळेवर होल्मगाउट नावाच्या शेतकऱ्याने आपल्या पत्नीसाठी, ओडिंडिसासाठी, कोरवून ठेवले आहे की शेतवाडी सांभाळणारी तिच्यापेक्षा चांगली गृहिणी हास्मीराला पुन्हा येणार नाही. दासीच्या वाट्याला यातले काहीच नव्हते, हे मात्र विसरता कामा नये. इब्न फद्लानने सरदाराच्या अंत्यविधीत बळी दिल्या गेलेल्या दासीचे जे वर्णन केले आहे, ते आजही शांतपणे वाचवत नाही.

स्त्री-योद्ध्यांचा प्रश्न स्वीडनमधील बिर्का येथील एका थडग्यामुळे गाजला. १८७८ साली उकरलेल्या त्या थडग्यात तलवार, कुऱ्हाड, बाण, दोन घोडे आणि पटावरच्या सोंगट्या होत्या, म्हणून सव्वाशेहून अधिक वर्षे ते सेनानी पुरुषाचे मानले गेले. २०१७ साली डीएनए तपासणीत ती स्त्री निघाली. शस्त्रे पुरली म्हणजे ती लढलीच, असे सिद्ध होत नाही, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप रास्त आहे. पण सांगाडा पुरुषाचा समजला जात होता तोवर तो कोणाला सुचला नव्हता.

भारताशी त्यांचा काही संबंध होता का?

थेट नव्हे, पण मालाच्या रूपाने होता. स्वीडनमधील हेल्गो बेटावर १९५० च्या दशकातील उत्खननात कमळावर बसलेल्या बुद्धाची साडेआठ सेंटिमीटरांहून थोडी लहान कांस्यमूर्ती सापडली. ती भारतीय उपखंडाच्या वायव्येस, स्वात-काश्मीरच्या बाजूला, सुमारे सहाव्या शतकात घडवलेली आहे. ती तिथे कशी पोहोचली असेल याचा अंदाज रशियातील नद्यांवरून येतो : स्वीडनचे व्यापारी व्होल्गा आणि नीपर यांच्या मार्गाने केसाळ कातडी, मध, मेण आणि गुलाम घेऊन जात आणि बदल्यात अरबी चांदीचे दिरहम आणत. गॉटलंड बेटावर १९९९ साली सापडलेल्या एकाच ठेव्यात ६७ किलो चांदी आणि १४,००० हून अधिक नाणी होती, बहुतेक इस्लामी टांकसाळींतील. नाण्याची किंमत ते चेहऱ्यावरून नव्हे, वजनावरून ठरवत. घडीचा छोटा तराजू कमरेला असे आणि सुटे हवे असतील तर बांगडीचा तुकडा तोडत. त्यांच्या थडग्यांतील अकीकाचे लाल मणी गुजरातेतून गेले असावेत असे बरेच अभ्यासक मानतात, आणि गोकस्टाडच्या जहाजात तर मोराचे अवशेष निघाले.

नॉर्वेतील ओसेबर्ग येथे सापडलेल्या जहाजातील बादलीच्या कडीवर मांडी घालून बसलेली, छातीवर स्वस्तिक असलेली आकृती आहे आणि तिला 'बुद्ध बादली' म्हणतात. तिचा मात्र बुद्धाशी संबंध नाही. ते काम आयर्लंड-ब्रिटनच्या धाटणीचे आहे.

कोलंबसाच्या आधी ते अमेरिकेत पोहोचले होते का?

होय, आणि आता तारीखसुद्धा ठाऊक आहे. कॅनडातील लान्सो मेडोज येथे हेल्गे आणि आन स्टीन इंगस्टाड या दांपत्याने १९६० च्या दशकात नॉर्स घरांचे अवशेष उकरले. ९९३ सालच्या एका सौर वादळाची खूण झाडांच्या वार्षिक कड्यांत राहिली आहे. ती कडी धरून पुढे मोजल्यावर तिथली लाकडे १०२१ साली लोखंडी हत्याराने तोडल्याचे निश्चित झाले. वस्ती फार टिकली नाही.

ते सगळे गोरे, सोनेरी केसांचे होते का?

नव्हते. ४४२ सांगाड्यांच्या डीएनएचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात दक्षिण युरोपातून आलेला वारसा दिसला आणि काळसर केस समजुतीपेक्षा पुष्कळ अधिक असल्याचे आढळले. शिवाय स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवर व्हायकिंग पद्धतीने तलवारीसह पुरलेले दोघे वंशाने स्कँडिनेव्हियन नव्हतेच. 'शुद्ध नॉर्डिक व्हायकिंग' ही एकोणिसाव्या शतकातील राष्ट्रवादी काव्याची आणि नंतर नाझींची निर्मिती आहे; नाझींनी आपल्या एसएस या सशस्त्र दलाच्या एका तुकडीला 'व्हिकिंग' असे नावच दिले होते.

त्यांनी स्वतःविषयी काहीच लिहून ठेवले नाही का?

ज्या गाथा आज वाचल्या जातात, त्या बहुतेक आइसलँडमध्ये, ख्रिस्ती झालेल्या वंशजांनी, घटनांनंतर दोन-तीनशे वर्षांनी लिहिल्या. स्वतः व्हायकिंगांनी लिहिले ते दगडावर, रून लिपीत आणि मोजक्या शब्दांत. इस्तंबूलच्या हागिया सोफियातील संगमरवरी कठड्यावर बायझंटाइन सम्राटाच्या चाकरीतील कोण्या हाल्फदानने आपले नाव खरडून ठेवले आहे, गडाच्या भिंतीवर आपली मंडळी ठेवतात तसेच.

स्वीडनमधील ग्रिप्सहोल्म किल्ल्याजवळ एक शिळा आहे. ती तोला नावाच्या आईने आपल्या मुलासाठी, इंगव्हारचा भाऊ हाराल्ड याच्यासाठी, उभी केली. इंगव्हारची मोहीम कॅस्पियन समुद्राच्या दिशेने गेली आणि १०४१ च्या सुमारास तिचा धुव्वा उडाला. शिळेवर म्हटले आहे की ते मर्दासारखे सोन्यासाठी दूर गेले, पूर्वेकडे त्यांनी गरुडाला अन्न दिले, आणि दक्षिणेत, सेर्कलंडमध्ये, म्हणजे मुसलमानांच्या मुलखात, मेले. गरुडाला अन्न देणे म्हणजे शत्रू मारून प्रेते पाडणे. त्याच प्रवासात मेलेल्यांसाठी उभारलेल्या आणखी पंचवीसएक शिळा त्या भागात आहेत. तोलाची शिळा पुढे किल्ला बांधताना उंबरठा म्हणून वापरली गेली आणि कोणाच्या लक्षात येईपर्यंत एकोणिसावे शतक उजाडले.